पलीकडची खुर्ची

जब्बार मिस्त्रीला साखर नव्हती, रक्तदाब नव्हता, आणि पन्नाशी उलटली तरी ट्रकखाली सरपटत जाऊन परत आपल्याच बळावर बाहेर येण्याइतके गुडघे शाबूत होते. त्याला दुखणं एकच होतं आणि ते रस्त्याच्या पलीकडे, सिराजच्या गॅरेजच्या दारात मांडलेलं असायचं. साधी घडीची लोखंडी खुर्ची. रंगाचे पोपडे उडालेली, पाठीवर कुठल्याशा मंगल कार्यालयाचं अर्धं नाव राहिलेली. रोज सकाळी हिंदुराव उस्ताद येऊन तिच्यात बसत आणि इकडे जब्बारचा दिवस नासायला सुरुवात होई.

स्वारगेटहून मार्केट यार्डाकडे जाताना ट्रकवाल्यांची ही गल्ली लागते. पुण्यात बघण्यासारखं म्हणून जे काही आहे त्यातलं एकही इथे नाही, आणि गल्लीला त्याची खंतही नाही. एका बाजूला स्प्रिंगपाट्यांचं दुकान, एक टायरवाला, मधोमध सरुबाईची चहाची टपरी, आणि समोरासमोर ही दोन गॅरेजं. एक जब्बारचं, एक सिराजचं. दोघंही हिंदुराव उस्तादांच्या हाताखाली तयार झालेले, म्हणजे तसे गुरुबंधूच. पण बंधू म्हटलं की वाटणी आली, आणि जब्बारच्या हिशेबी वाटणीत त्याला ठकवलं गेलं होतं.

त्याचे वडील भवानी पेठेत कल्हईचं काम करायचे. भाता ओढायला पोरगा हाताशी होता, पण स्टेनलेस स्टीलची भांडी घराघरांत शिरली आणि कल्हईचे दिवस भरले. मग वडिलांनी जब्बारला हिंदुरावांच्या गॅरेजात नेऊन उभं केलं. हिंदुराव पूर्वी लष्कराच्या वर्कशॉपात होते. बोलणं मोजकं, शिव्या त्याहून मोजक्या. जब्बार तिथे सुखाने शिकत होता, तेवढ्यात सिराज आला. घरात दुसरं बाळ आल्यावर थोरल्याला जे वाटतं तेच जब्बारला वाटलं. फरक इतकाच की थोरली मुलं पुढे मोठी होतात आणि विसरतात.

हिंदुरावांची एक रीत होती. गॅरेजात एक उलटा डबा असायचा. शिकाऊ कामाला लागला की उस्ताद तो डबा सरकवत नेत आणि त्याच्या हाताशी बसत. पण बसत ते नेहमी सिराजच्या शेजारी. सिराज पिस्टन काढतोय, उस्ताद शेजारी. सिराज पंप बसवतोय, उस्ताद शेजारी, आणि मधूनच म्हणत, ‘इकडंतिकडं काय बघतोस? हातातलं बघ.’ जब्बारच्या कामाकडे ते सगळं झाल्यावर येत. इंजिनावर तळहात ठेवत, हूं म्हणत आणि निघून जात. जब्बार घामाने निथळत उभा राहायचा आणि त्या हूंमध्ये काही गोडवा सापडतो का ते शोधत बसायचा. त्याला तो कधी सापडला नाही.

पुढे दोघांनी आपापली गॅरेजं काढली. रस्ता रुंद करताना उस्तादांच्या गॅरेजावर बुलडोझर फिरला, तोवर त्यांचेही हात थकले होते. म्हातारा माणूस घरात सुनेच्या पायात किती घुटमळणार? ते या गल्लीत यायला लागले. आले ते सरळ सिराजकडे गेले, तिथली खुर्ची उघडली आणि बसले. तेव्हापासून तेच चाललं होतं.

जब्बारने या गोष्टीवर उपाय केला नाही असं नाही. त्याने एक वेताची खुर्ची आणली, चांगली हातांची, वर गादी घातलेली. ती लिंबाच्या सावलीत अशी मांडली की पलीकडून सरळ दिसावी. तिच्यावर गल्लीतली मांजर झोपायची. कधी गिऱ्हाईक बसायला गेलं तर जब्बार त्याला उठवायचा. त्याच्या बायकोने, आबेदाने, ती खुर्ची बघून एकदाच विचारलं होतं की अहो, उस्तादांना या म्हणून कधी सांगितलंत का? त्यावर जब्बार म्हणाला की सांगायला कशाला पाहिजे, त्यांना डोळे नाहीत का? आबेदा म्हणाली, ‘डोळे आहेत. पण निमंत्रण मांजरीने घेतलंय.’

मत्सर ही मोठी कष्टाची गोष्ट आहे. लोकांना वाटतं रिकामटेकडा माणूस जळतो. छे. जब्बारला आपलं काम करून शिवाय सिराजचंही बघावं लागे. त्याच्याकडे कोणती गाडी आली, कशासाठी आली, उस्तादांना चहा किती वेळा गेला, चहाबरोबर खारी गेली की बिस्किटं, उस्ताद हसले तर कशावर हसले. सिराजच्या गॅरेजात पाना पडला तर आवाज जब्बारच्या डोक्यात व्हायचा. आणि हे सगळं करून वर कुणाला कळू द्यायचं नाही. भेटल्यावर सलाम व्हायचा, ईदेला एकमेकांच्या घरी शीरखुर्म्याची देवाणघेवाण व्हायची. सिराजच्या घरच्या शीरखुर्म्यात खजूर जास्त असायचा, हेही जब्बारला आवडायचं नाही.

त्याला एकच गोष्ट धीर देत असे, ती म्हणजे सर्जेरावांचा ट्रक. वाघोलीचे सर्जेराव खाणीवरून खडी उचलत आणि शहरभर पोचवत. त्या वर्षांत वारज्याच्या माळावर इमारती उठत होत्या, त्यामुळे गाडीला उसंत नव्हती. ती नवी घेतली त्या दिवसापासून तिच्या इंजिनाला जब्बारशिवाय कुणाचा हात लागला नव्हता, आणि सर्जेराव हे चारचौघांत सांगत. सिराजकडे उस्ताद होते. पण असं गिऱ्हाईक नव्हतं.

मग एकदा जब्बार भाचीच्या लग्नाला सोलापूरला गेला आणि नेमकी तेव्हाच गाडी आजारी पडली.

तो परत आला तेव्हा सर्जेराव गाडी दारात लावून उभेच होते. रेडिएटरच्या पाण्यात तपकिरी साय धरत होती. पाण्यात ऑइल उतरत होतं. जब्बारने कोट काढून खिळ्याला अडकवला. त्याच्या अंगात लग्नाचे नवे कपडे होते, पण ही गाडी आली की त्याला कपड्यांचं भान राहत नसे. तेवढ्यात सर्जेराव सहज बोलून गेले की काल तुम्ही नव्हता म्हणून समोर सिराज मिस्त्रीला दाखवली.

‘मग? काय म्हणाला तो?’

‘आईल कूलर फुटलाय म्हनला. पन गाडी जब्बारभाईची हाय, त्ये आल्यावर त्येच उघडतील, मी हात लावनार न्हाई म्हनला.’ आणि मग सर्जेरावांनी, बिचाऱ्यांच्या मनात काही नव्हतं, पुढचं वाक्य जोडलं. ‘उस्तादांनी बी बसल्याजागी मान डोलावली.’

जब्बारला नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं. त्याची गाडी. त्याच्या पाठीमागे सिराजने रोग सांगितला आणि उस्तादांनी मान डोलावली. जब्बारच्या कामावर ज्यांनी कधी हूंच्या पुढे अक्षर खर्च केलं नाही, त्यांनी पलीकडच्या एका वाक्याला मान डोलावली. त्यात सिराजचा तो सज्जनपणा, मी हात लावणार नाही म्हणे. चांगुलपणासुद्धा सगळा त्याच्याच वाट्याला यावा, हे तर फारच झालं.

त्याने गाडी चालू करायला सांगितली आणि रेडिएटरचं झाकण उघडून आत बघितलं. इंजिनाचं ऑइल तापतं, ते निववायला ब्लॉकच्या कुशीत कूलर बसवलेला असतो. त्याच्या आतून ऑइल फिरतं आणि बाहेरून पाणी. मध्ये फक्त पातळ पत्रा. एका घरात राहून एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या भावांसारखे ते दोघे राहतात, तोवर गाडी ठीक. पत्र्याला चीर गेली की ऑइल पाण्यात. दुसरा संशय हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगचा असतो. पण पॅकिंग गेलं असलं तर इंजिनातली हवा पाण्यात घुसते आणि रेडिएटर डाळीसारखा रटरटतो. हा रेडिएटर शांत होता. वर ऑइल होतं, बुडबुडा नव्हता. कुठल्याही मिस्त्रीने एका नजरेत सांगितलं असतं, आणि जब्बारच्या नजरेनेही सांगितलंच.

‘कूलर नाही,’ तो म्हणाला. ‘हेडचं पॅकिंग गेलंय.’

बोलला आणि त्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की ते खोटं आहे हे त्याला लगेच आठवेना. सर्जेरावांनी एकदा पलीकडे बघितलं, एकदा जब्बारकडे, आणि म्हणाले की तुमी म्हनाल तसं. ते तसंच म्हणणार होते. इतकी वर्षं ते तसंच म्हणत आले होते.

हेड उतरवलं गेलं. भलं मोठं काम, गल्लीला दिसेल असं. पॅकिंग निघालं ते धडधाकट होतं. एका कडेला थोडं काळवंडलं होतं, जसं कुठलंही जुनं पॅकिंग काळवंडतं. जब्बारने तो डाग सर्जेरावांना दाखवला. ‘बघा,’ तो म्हणाला, आणि बोट मुद्दाम त्या डागावरच ठेवलं. सर्जेरावांनी चष्मा वर करून बघितलं आणि त्यांना दिसलं. विश्वास असला की माणसाला काहीही दिसतं.

पण हात तीस-पस्तीस वर्षं खरं काम केलेले होते. ते खोटं सहजी पचवत नाहीत. नवं पॅकिंग घालून हेड बसवलं तरी जब्बारच्या मनात पाल चुकचुकायची थांबेना. शेवटी त्याने कूलरही उतरवला. स्वतःशी म्हणाला की उघडलंच आहे तर बघून टाकू, मग कुणाला बोलायला जागा नको.

आता कूलर तपासायची उस्तादांची एक पद्धत होती, आणि गल्लीत सगळे ती पाळत. कूलरची तोंडं रबर लावून बंद करायची, एका तोंडातून हवा भरायची आणि तो पाण्याच्या टबात बुडवायचा. पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसंच. फक्त पाणी कडकडीत पाहिजे. तापलेल्या इंजिनाचं दुखणं गार पाण्यात कळत नाही, असं उस्ताद म्हणत. बारीक चीर गार असताना मिटून बसते. पत्रा तापला की ती तोंड उघडते. म्हणून सरुबाईच्या चुलाणावर मोठं पातेलं चढायचं आणि वाफाळती बादली गल्लीतून जायची. बादली कुणाकडे गेली त्यावरून सगळ्या गल्लीला कळायचं की आज कुणाकडे कूलर उतरलाय.

जब्बारने सरुबाईला पाणी सांगितलं नाही. नळाचं भरलं.

तो विसरला नव्हता. पाणी नको म्हणताना त्याने मनाशी कारणंही काढली होती. सरुबाईकडे गर्दी आहे, वेळ जाईल, हवा जास्त दिली की गारमध्येही कळतं. पण खरं कारण इतकंच होतं की त्याला बुडबुडे बघायचे नव्हते. त्याने कूलर गार पाण्यात बुडवला, हवा सोडली आणि वाट बघितली. पाणी आरशासारखं राहिलं. मग त्याने सर्जेरावांना हाक मारली, आणि ती हाक रस्ता ओलांडून जाईल इतक्या मोठ्याने मारली.

‘या, बघा. एक बुडबुडा दाखवा मला. फुटलाय म्हणे.’

पलीकडे सिराज मान खाली घालून काहीतरी घासत होता, त्याने वर बघितलं नाही. उस्तादांनी बघितलं. आपल्या खुर्चीतून त्यांनी त्या टबाकडे बराच वेळ बघितलं. टबावर वाफ नव्हती. जब्बारला मात्र वाटलं की म्हाताऱ्याची आज चांगली जिरली, आणि त्या आनंदात त्याने मांजरीला हाकललंसुद्धा नाही.

गाडी गेली. आठवडाभर जब्बार गल्लीतून छाती काढून चालला. सरुबाईकडे चहा पिताना तो मुद्दाम सिराजच्या बाजूला तोंड करून उभा राहायचा. घरी आबेदाला त्याने दोनदा सांगितलं की समोरच्यांना कसं तोंडावर पाडलं. आबेदाने दुसऱ्या वेळी विचारलं की गाडी बरी झाली का? तो म्हणाला, म्हणजे काय! तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि ती भाकरी थापायला लागली.

गाडी परत आली ती दोराने ओढत. खडी भरून वारज्याकडे चढताना इंजिन तापलं. सर्जेराव स्वतःच चालवत होते म्हणून निभावलं. काटा चढताना दिसला आणि त्यांनी चढावरच इंजिन बंद केलं. रेडिएटरमध्ये तपकिरी साय तशीच होती, आणि आता तर इंजिनातलं ऑइलही पांढुरकं झालं होतं, म्हणजे पाणी तिकडेही शिरलं होतं. आणखी थोडं रेटलं असतं तर इंजिनाचा कायमचा निकाल लागला असता, आणि त्यामागे घरही उपाशी बसलं असतं, कारण सर्जेरावांची सगळी मिळकत त्या चाकांवर होती.

दोर सुटला तो सिराजच्या दारात.

जब्बार आपल्या दारात उभा राहून बघत राहिला. सर्जेरावांनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्याला आत जाता येईना आणि पुढेही जाता येईना. सिराजने आधी उस्तादांकडे बघितलं, मग कामाला हात घातला. कूलर उतरला. सरुबाईच्या चुलाणावर पातेलं चढलं आणि थोड्या वेळाने वाफाळती बादली गल्लीतून गेली, तीही जब्बारच्या पुढ्यातून. जाताना सरुबाईने त्याच्याकडे बघितलं आणि पदराने बादलीची कडी धरून ती पुढे गेली. ही बाई नेहमी काहीतरी टोमणा मारायची. आज तिने काही म्हटलं नाही, तेच जब्बारला जास्त लागलं.

इतक्या लांबून त्याला बुडबुडे दिसले नाहीत. सर्जेरावांची मान दिसली. ती टबावर वाकली, तशीच राहिली, आणि मग हळूहळू वळून जब्बारच्या गॅरेजाकडे झाली. सर्जेराव चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बघत होते.

मग सिराजचा आवाज आला. तो सर्जेरावांना समजावत होता की यात जब्बारभाईंचा दोष धरू नका, कूलर भल्याभल्यांना फसवतो. जब्बारने मुठी आवळल्या. सिराज आज हसला असता, दोन शब्द टाकून बोलला असता, तर जब्बारला त्याचा मनापासून राग करता आला असता. तेवढंही सुख त्या माणसाने दिलं नाही. हरल्याचं दुःख एक वेळ गिळता येतं. पण ज्याच्यापुढे हरलो तो आपल्याहून बरा माणूसही आहे, हे कळलं की घास घशातच अडकतो.

पलीकडे तिघांचं काहीतरी बोलणं चाललं होतं. सर्जेराव मान हलवून नाही नाही म्हणत होते. उस्ताद हळू आवाजात काही सांगत होते, ते इकडे ऐकू येत नव्हतं. मग टायरवाल्याकडची माणसं जमली, गाडीला हात लागले, आणि ती ढकलत ढकलत रस्ता ओलांडून जब्बारच्या दारात आली. गल्लीचा एक जुना नेम होता की ज्याने इंजिन उघडलं त्यानेच ते पुरं करायचं, दुसऱ्याने फार तर दुखणं तपासून द्यायचं. जब्बारला वाटलं की त्या नेमावर गाडी आली. पण मागून उस्ताद उठले. त्यांनी ती लोखंडी खुर्ची घडी करून काखेत मारली. सिराज धरायला पुढे आला, तर त्यांनी त्याला हाताने थांबवलं. आणि एवढा म्हातारा माणूस, एका बाजूने रिक्षा आणि दुसऱ्या बाजूने टेंपो थांबवत, खुर्ची घेऊन जब्बारच्या गॅरेजाकडे यायला लागला.

जब्बारला क्षणभर आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. कूलर, पॅकिंग, सर्जेरावांची मान, सगळं त्याच्या डोक्यातून निघून गेलं. उस्ताद आले. आज, सगळ्यांच्या देखत, मी तोंडावर पडलो असताना, ते माझी बाजू घ्यायला आले. त्याने मांजरीला हुसकावलं, वेताच्या खुर्चीवरची गादी झटकली, उलटी करून परत झटकली, आणि सरुबाईला चहाची हाक दिली.

उस्ताद वेताच्या खुर्चीवरून पुढे गेले. ट्रकच्या बॉनेटपाशी, भर उन्हात, त्यांनी आपली खुर्ची उघडली आणि बसले.

‘उस्ताद, इकडं सावलीत बसा ना,’ जब्बार म्हणाला.

‘सावलीतून हात दिसत नाहीत.’

सरुबाई चहा घेऊन आली आणि तिची जीभ परत जागेवर आली होती. अखेर आले म्हनायचे उस्ताद तुमच्याकडं, असं ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली आणि गेली. उस्तादांनी बशीत चहा ओतला. फुंकर घालत तो निवू दिला.

‘सरुबाईला विचारलं मी,’ मग ते म्हणाले. त्यांचा आवाज जेमतेम जब्बारपर्यंत पोचत होता. ‘त्या दिवशी तू गरम पाणी नेलं नाहीस. विसरलास?’

होय म्हटलं असतं तर सुटला असता. विसरणं हा काही गुन्हा नाही, वयही झालेलं. पण या माणसासमोर तो कधी खोटं बोलला नव्हता. त्याने मान हलवली.

‘नाही.’

‘तेच म्हटलं. विसरणारा तो तिकडचा. त्याचा हात पहिल्यापासून उतावीळ. कुठला बोल्ट अर्धा सोडील याचा नेम नाही, म्हणून जन्मभर त्याच्याशेजारी बसलो.’ उस्तादांनी बशी खाली ठेवली. ‘तुझ्याकडं बसायची मला कधी गरज पडली नाही जब्बार. तुझं काम नुसतं हात लावून बघायचो आणि घरी जाऊन निवांत झोपायचो. आज सर्जेराव गाडी द्यायला तयार नव्हता तुझ्याकडं. मी म्हटलं, मी बसतो तिथं. आता रोज बसेन.’

तो उलटा डबा, ते हूं, तो इंजिनावर ठेवलेला तळहात, सगळं एकदम जब्बारपुढे आलं, आणि सगळ्याचा अर्थ उलटा होता. तो जन्मभर ज्यासाठी जळला ते त्याच्याकडे कधीचं होतं. ते आज गेलं, आणि त्याच्या जागी ही खुर्ची आली.

त्याने काम सुरू केलं. दुसरं काय करणार? नवा कूलर मागवला. तो बसवण्याआधी स्वतः जाऊन सरुबाईकडून कडकडीत पाणी आणलं आणि नव्यालाही त्यात बुडवून बघितलं. रेडिएटर धुण्याचा सोडा घालून पाणी नितळ येईपर्यंत धुतला, खराब झालेलं ऑइल काढलं, ऑइलने मऊ पडलेले रबरी पाइप बदलले. उस्तादांची नजर सारखी त्याच्या बोटांवर होती, आणि इतक्या वर्षांच्या बोटांना पाना धरायला नवख्यासारखी धडपड करावी लागत होती.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. स्प्रिंगपाट्यांवाला येऊन जब्बारच्या पाठीवर थाप मारून गेला. तुझं नशीब थोर म्हणाला, एवढी चूक होऊनही उस्तादांनी तुलाच जवळ केलं. टायरवाला म्हणाला की माया अशी असते. जब्बार सगळ्यांना मान डोलावत होता. खरं कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी कुणी मानलं नसतं. दुपारी आबेदा डबा घेऊन आली. तिच्याही कानावर गेलं होतं. तिने शिरा करून आणला होता, वर बदामाचे काप. आधी उस्तादांना वाढला, मग नवऱ्याच्या हातात ताटली दिली, आणि हळूच म्हणाली, ‘झालं ना आता मनासारखं?’ उस्ताद बघत होते. जब्बारने शिरा खाल्ला. सगळा खाल्ला.

ती गेल्यावर त्याने कूलरचं झाकण बसवायला घेतलं. आळीपाळीने समोरासमोरचे बोल्ट आवळत तो निम्म्यावर आला आणि जुन्या सवयीने त्याची मान आपोआप रस्त्याकडे वळली. पलीकडे सिराजच्या दारात खुर्चीची जागा रिकामी होती. जमिनीत तिच्या पायांचे खळगे तेवढे उरले होते. सिराज त्या खळग्यांपाशी हातात फडकं घेऊन उभा होता आणि इकडे बघत होता. त्याची नजर उस्तादांवर होती, मग वेताच्या खुर्चीवर गेली, मग शिऱ्याच्या रिकाम्या डब्यावर. ती नजर जब्बारला चांगली ओळखीची होती. त्याला वाटलं, ओरडून सांगावं, अरे घेऊन जा, तुझ्याकडेच होती ती बरी होती. पण सिराजने ते खरं मानलं नसतं. इतकी वर्षं जब्बारनेही मानलं नसतं.

‘जब्बार,’ उस्ताद म्हणाले, ‘तिकडं काय बघतोस? हातातलं बघ.’

जब्बारने मान खाली घातली आणि पुढचा बोल्ट आवळायला घेतला.